एकाच माळेचे मणी नव्हेत

‘गेम म्हणजे जुगार, हे कळायला काही शास्त्र लागत नाही.’ सावंगीत हे वाक्य आता इतकं रुळलंय की बोलणाऱ्याकडे कुणी पुरावा मागत नाही. टी-पॉइंटवरच्या चहाच्या टपरीवर, खोल्या भाड्यानं देणाऱ्यांच्या बैठकीत, मुलाला वसतिगृहात सोडायला आलेल्या बापाच्या तोंडी, सगळीकडे तेच. मी स्वतः वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे)त राहतो, वरच्या मजल्यावरच्या खोल्या विद्यार्थ्यांना देतो, आणि जन्मभर गणिताच्या शिकवण्या घेऊन पोट भरलेलं आहे. त्यामुळे पुराव्याशिवाय मांडलेला निष्कर्ष दिसला की हात शिवशिवतात.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं नीट मांडतो. आमच्या सकाळच्या फेरीत एक निवृत्त मुख्याध्यापक असतात, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. आरोपपत्र त्यांचंच, आणि त्यांच्याइतकं ते कुणी धड मांडत नाही. १९९०मध्ये इथं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि शेताच्या गावात देशभरची पोरं आली. ही पोरं उद्या डॉक्टर होणार, आणि रात्री एकपर्यंत लॅपटॉपवर राक्षस मारत बसतात. यात नशिबाचा खेळ आहे, म्हणजे जुगार आहे. पोरं खोलीचं दार लावून बसतात, म्हणजे एकलकोंडी होतात. सुटत नाही, म्हणजे व्यसन. आणि गोष्ट कुठली, तर कुठल्या परक्या राणीची. तेव्हा, गुरुजी म्हणतात, खोलीच्या करारातच लिहून घ्या: गेम खेळण्यास सक्त मनाई.

ते मी लिहून घेतलेलं नाही, आणि घेणारही नाही.

माझ्या वरच्या खोलीतले तिघं जो गेम खेळतात त्याचं नाव ‘फॉर द किंग’. कॅनडातल्या आयर्नओक गेम्स या छोट्या कंपनीनं तो २०१८मध्ये आणला. फहरुल नावाच्या राज्यात राजाचा खून झालेला आहे, राणी रोझोमॉन प्रजेला हाक देते, आणि मदतीला कोण येतं? लोहार, शिकारी, पंडित, गाणारा. शूरवीर, राजपुत्र असलं कुणी नाही, गावातलीच माणसं. षट्कोनी घरांच्या नकाशावर तिघं आपापल्या पाळीनं चालतात, आपापल्या पाळीनं लढतात. एकाचा टर्न चालू असताना बाकीचे दोघं थांबतात आणि अर्थातच न मागितलेले सल्ले देतात. नकाशा दरवेळी नवा. मेलेल्याला उठवायचे जीव तिघांच्या सामायिक खात्यातले; ते संपले की मेलेला उठत नाही. तिघंही पडले की मोहीम बुडाली, जुना सेव्ह उघडून मागे जाता येत नाही. परत पहिल्यापासून. आणि रेंगाळलात तर राज्यातली अनागोंदी वाढत जाते, म्हणून दुकानात औषधाच्या पाल्यासाठी घासाघीस करत बसण्याचीही सोय नाही.

या जातीच्या खेळांना रोगलाइक म्हणतात, ते ‘रोग’ नावाच्या १९८०च्या खेळावरून. आजाराचा रोग नव्हे, गुरुजी. इंग्रजीतला, म्हणजे लुच्चा. तो घडला तो एखाद्या बाजारू कंपनीत नव्हे, तर कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात, युनिक्सच्या काळ्या पडद्यावर, अक्षरांच्या भिंती आणि अक्षरांचेच राक्षस करून. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन हे दोघं विद्यार्थी, पुढे केन अर्नोल्ड त्यांना मिळाला. त्यांची अडचण साधी होती: आपण रचलेलं कोडं आपल्यालाच खेळता येत नाही, कारण उत्तर आधीच ठाऊक. म्हणून त्यांनी यंत्रालाच दरवेळी नवं भुयार खणायला लावलं, म्हणजे रचणाराही खेळताना फसेल. या खेळातला यदृच्छेचा भाग आला तो इथून. तिथं कुणाच्या खिशात हात घालायचा विचार नव्हता.

जुगाराच्या आरोपाला हात घालायचा तर आपण कशाला जुगार म्हणतो ते आधी ठरवू. गुरुजींची व्याख्या अशी की जिथं फासा पडतो तिथं जुगार. या व्याख्येनं जेजुरीचा खंडोबाही जुगारी ठरतो. म्हाळसेशी सारीपाट खेळताना हरला आणि पणाप्रमाणे घर सोडून बानूकडे धनगराचा चाकर होऊन राहिला, ही कथा वाघ्या-मुरळी आजही गातात. गुरुजी इथं हमखास महाभारत काढतात. काढावंच. पण त्या सभेत अनर्थ कशानं झाला? फाशानं? फासे त्याआधीही होते, नंतरही राहिले. अनर्थ केला पणानं. राज्य, भाऊ, शेवटी द्रौपदी, असं एकेक डावावर लावत गेल्यानं, आणि हरलेलं परत मिळवायला पुन्हा डाव मांडण्याच्या आशेनं. शिवाय समोर शकुनी होता, ज्याला फासे कसे पडणार ते ठाऊक होतं आणि धर्मराजाला ठाऊक नव्हतं. पणाला लावणं, हरलेलं भरून काढण्याची ओढ, आणि समोरच्याच्या हातातले न दिसणारे फासे: जुगाराची ही तीन अंगं. ‘फॉर द किंग’मध्ये यातलं एकही नाही. गेम एकदा विकत घेतला की पुढे पैसा नाही, हरलेलं सोनं खेळातलंच, आणि फासे सगळ्यांसमोर उघडे.

हे शेवटचं जरा उलगडून सांगतो, कारण गणितवाल्याचा जीव इथं रमतो. लोहारानं हातोडा उचलला की पडद्यावर, समजा, तीन खुणा येतात, आणि प्रत्येक खूण लागण्याची शक्यता लिहिलेली असते. प्रत्येकी ७० टक्के धरू. नवखा पोरगा म्हणतो, ७० म्हणजे झालंच काम. तिन्ही खुणा लागल्या तरच पूर्ण घाव बसतो, आणि तिन्ही लागण्याची शक्यता ७० टक्के नाही, ३४ आहे. पहिल्या आठवड्यात पोरं इथंच मार खातात आणि गेमला शिव्या घालतात. मग त्यांना फोकसचा उपयोग कळतो. प्रत्येकाकडे फोकस मोजकाच. एक खर्च केला की एक खूण नक्की. बाकीच्या खुणांची शक्यता तीच धरली तर ३४चे ४९ होतात, दोन टाकले तर ७०. म्हणजे प्रश्न उरतो तो असा: आत्ता खर्च करायचा, की पुढच्या गुहेसाठी राखायचा? वरून आवाज येतो, ‘अबे, फोकस नको टाकू, त्याले मी पाहतो,’ आणि त्यावर दहा मिनिटं वाद. जुगाराच्या यंत्रात शक्यता लपवलेली असते, आणि ती बदलायचा कुठलाही उपाय खेळणाऱ्याच्या हातात नसतो. इथं ती लिहिलेली आहे, आणि थोडी वाकवताही येते, पण फुकट नाही. दोन्हींत यदृच्छा आहे म्हणून दोन्ही एकच म्हणायचं, तर गुरुजी, पेरणीसुद्धा जुगारच. विदर्भातला शेतकरी तसं म्हणतोही, पण ते हसण्यासाठी नव्हे.

आता खरा जुगार कुठं होता ते बघू. आपला १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंध कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. सर्वोच्च न्यायालयानं १९५७च्या चमारबागवाला खटल्यात कौशल्य आणि नशीब यांची फोड केली, १९६७मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि पुढे मोबाईल आल्यावर याच ढालीआड पैशांची रमी घराघरात शिरली. तरुण डॉक्टरांच्या खोल्यांपेक्षा आमच्या वयाच्या लोकांच्या खिशांत जास्त. २०२३ ते २०२५ या काळात भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर ड्रीम११चं नाव होतं, म्हणजे पैसे लावून संघ निवडण्याच्या धंद्याचं नाव देशाच्या छातीवर. टपरीवर बसून ‘आज माझा कॅप्टन चालला’ म्हणणारे कोण होते? पोरं राक्षस मारतात म्हणून हळहळणारेच. जुलै २०२५मध्ये राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांवर विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला, जाहिरात बंद करत होतो म्हणाले. खातं मात्र बदललं, आणि मिळालं क्रीडा खातं. महाराष्ट्राला विनोदी लेखकांची गरज उरलेली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. गुरुजी त्याचा दाखला ‘सरकारनंसुद्धा गेम बंद केले’ असा देतात. कायदा वाचलेला नाही, हे उघड आहे. कायद्यानं तीन कप्पे केले: ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ. बंदी फक्त तिसऱ्यावर. पैसे किंवा दुसरं काही लावायचं आणि त्याबदल्यात जिंकण्याची आशा ठेवायची, असा खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंद. कौशल्याची ढाल गेली. आणि जिथं पण नाही, फक्त खेळायला मिळावं म्हणून शुल्क किंवा वर्गणी दिलेली आहे, तो सामाजिक खेळ, त्याला मोकळीक. म्हणजे संसदेनं जी रेघ ओढली ती पणाच्या ठिकाणी ओढली, फाशाच्या नव्हे. बंदीचे तपशील योग्य की अयोग्य यावर वकील भांडतील. पण रेघेची जागा बरोबर आहे, आणि सावंगीतले काही लोक ती पुसून सगळे गेम एकाच माळेत ओवायला निघालेत. याचा फायदा कुणाला? सगळेच गुन्हेगार म्हटले की खऱ्या गुन्हेगाराला गर्दीत मिसळायला बरं पडतं.

एकलकोंडेपणाचा आरोप तर मला कळतच नाही. त्या खोलीच्या खाली मी राहतो. तिथून जो गलका येतो तो एकलकोंड्यांचा नसतो. एक पोरगा नागपूरचा, बाकीचे परराज्यातले. भांडण हिंदीत, शिव्या ज्याच्या त्याच्या भाषेत. या गेममध्ये सोबत्यांपासून लांब भटकलं की लढाईत एकटंच सापडावं लागतं, कारण जवळ असलेलेच मदतीला उतरू शकतात. ‘तू कायले गेला तिकडं एकटा?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की माझ्या बायकोनं तो माझ्यासाठी वापरायला सुरुवात केली आहे. औषधाचा पाला कुणी ठेवायचा, मिळालेलं चिलखत कुणाच्या अंगावर चढवायचं, सामायिक जीव आता खर्चायचा की पंडिताला मरू द्यायचं, हे सगळं बोलल्याशिवाय पुढे सरकत नाही. ज्यांनी मैदानात कबड्डी खेळली आहे त्यांना हे ओळखीचं वाटावं. संजीवनी पद्धतीत आपल्या गड्यानं समोरचा बाद केला की आपला बाद झालेला परत येतो, आणि जुन्या दुसऱ्या पद्धतीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाद तो बादच. रोगलाइक या दोन्हींच्या मधे कुठंतरी बसतो: जीव आहेत तोवर संजीवनी, संपले की बाद.

पाळीपाळीनं खेळण्याचा आणखी एक गुण आहे, जो मुंबई-पुण्याच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. इथं नेटवर्क जातं, वीज जाते. ज्या गेममध्ये क्षणार्धात गोळी झाडावी लागते तिथं आमच्या भागातला पोरगा नेट अडकलं म्हणून मरतो. टर्नवाल्या खेळात घाईच नाही. नेट अडकलं तर अडकलं, लोहार हातोडा उचलून उभा. इंटर्नला वॉर्डातून बोलावणं आलं तर तो जातो, टाके घालून येतो, आणि त्याची पाळी तिथंच असते. मोबाईलवरच्या कितीतरी खेळांची रचना अशी असते की उठलात तर नुकसान, रोज आला नाहीत तर नुकसान. इथं उठून जाण्याला शिक्षा नाही.

परकेपणाबद्दल फार बोलत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा गेम काढला, हैदराबादच्या ओगर हेड स्टुडिओनं २०१७मध्ये ‘असुरा’ हा रोगलाइक वळणाचा. परक्या राणीचा राग असेल तर आपली राणी घडवा. पाच-पंचवीस माणसांत घडते. हातात मराठी गेम नाही हे दुःख खरं आहे, पण त्याचा दोष खेळणाऱ्या पोरावर कसा?

गेमच्या बाजूनं बोलणारेही मला पटत नाहीत, तेही सांगून टाकतो. त्यांचा एक लाडका युक्तिवाद असा, की एकेकाळी कादंबऱ्यांवर आणि सिनेमावरही असेच आरोप झाले होते. झाले होते, पण त्यानं काय सिद्ध होतं? काही वेळा म्हाताऱ्यांची भीती खरीही ठरते. पैशांच्या रमीबद्दलची खरी ठरली. दुसरा युक्तिवाद, गेम खेळून बुद्धी तल्लख होते, निर्णयक्षमता वाढते, शल्यविशारदाचा हात स्थिर होतो. या पुंग्या बंद कराव्यात. वरचे तिघं राक्षस मारून चांगले डॉक्टर होणार नाहीत. होतील ते आचार्य विनोबा भावे रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री जागून. खेळाला उपयोगाचा ताम्रपट लागतो हा हट्टच चुकीचा आहे. आपण पत्ते कुटताना, दिवाळी अंक चाळताना, पारावर बसून गावाच्या चौकशा करताना कुणी उपयोग विचारलेला नाही. पोरांनाच का विचारता?

व्यसनाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि गुरुजींच्या आरोपपत्रातला सगळ्यात वजनदार तोच. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर ही आजारांच्या यादीत घातली आहे. ती यादी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. पण यादीत काय लिहिलंय? खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला पुढे ठेवणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे साधारण बारा महिने टिकलेलं असावं आणि घर, अभ्यास, काम यांत त्याची झळ स्पष्ट लागलेली असावी. आजार ठरला तो ताबा सुटण्याचा. गेम खेळणं हा आजार ठरलेला नाही, जसं जेवणं हा आजार नाही. रोगलाइकमध्ये ‘अजून एकच रन’ ही ओढ जबर असते, हे मी मान्य करतो. मोहीम बुडाली की दुसरी सुरू करायचा मोह होतो, आणि नवा नकाशा कसा असेल याचं कुतूहल झोप उडवतं. हरलेल्या मोहिमेतूनही पुढच्या मोहिमेसाठी काही नव्या वस्तू खुल्या होतात, तेव्हा ‘अगदीच फुकट गेलं नाही’ असं वाटत राहतं. इथं पोरांना टोकायलाच हवं, आणि मी टोकतोही. रात्री बारानंतर आवाज नको हा नियम माझ्याकडे आहे. तो गेमला लागू आहे, ढोलकीला लागू आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री मोठ्यानं पाठ करणाऱ्यालाही लागू आहे. पण तिघांत खेळण्याचा एक परिणाम मी पाहिलेला आहे. एकाची सकाळची ड्युटी असली की डाव आपोआप मोडतो. एकट्यानं फोन घेऊन पांघरुणात बसलेल्याला मोडायला कुणी नसतं.

आणि बंदीचं काय होतं हे वर्धेकराला कुणी शिकवायला नको. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून आपल्याकडे कित्येक दशकं दारूबंदी आहे. ती उठवा असं मी म्हणत नाही, त्या वादात आज शिरायचंही नाही. पण बंदी असलेली वस्तू कुठं मिळते हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि ती मिळते तेव्हा तिच्यावर कुणाचंच लक्ष नसतं. करारात ‘गेम बंद’ लिहून घेतलं तर माझ्या वरच्या खोलीतला तिघांचा गलका बंद पडेल, हे नक्की. फोन बंद पडणार नाहीत. उघड्या दारानं तिघं खेळत होते, ते तीन दारांआड तीन फोनवर खेळतील. गुरुजींना ज्याची भीती वाटते तेच गुरुजींच्या नियमानं घडेल.

लढायचंच असेल तर लढाईची जागा दाखवतो. फोनवरच्या फुकट म्हणवणाऱ्या कितीतरी खेळांत बंद पेट्या विकतात. पैसे भरा, पेटी उघडा, आत हवं ते हत्यार निघालं तर निघालं, नाहीतर पुन्हा पैसे भरा. बेल्जियमनं २०१८मध्येच अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवलं. इथं फासा आहे, पणही आहे, हरलेलं भरून काढण्याची ओढ आहे. फक्त जिंकलेलं रोख हातात पडत नाही एवढाच फरक. या पेट्यांविरुद्ध पालकसभेत कुणी उभं राहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. गुरुजींनी तिथं उभं राहावं, मी शेजारी उभा राहीन.

तोवर सावंगीतल्या खोलीमालकांना आणि पालकांना माझं सांगणं एवढंच आहे: पोराचा लॅपटॉप ओढून घेण्याआधी विचारा, गेम कोणता, सोबत कोण, आणि त्यात पैसे एकदाच जातात की दरवेळी. महिन्याच्या खर्चात पाच-पन्नास रुपयांच्या लहान लहान नोंदी एकाच ठिकाणी जाताना दिसल्या तर तिथं थांबा, बाकीचं नंतर. आणि ज्याचा ताबा खरोखरच सुटलेला आहे, मग तो पोरगा असो की रमीवाला बाप, त्याच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे. क्रमांक १४४१६; फोन चोवीस तास चालू असतो आणि पैसे पडत नाहीत.